गडगा, वाट आणि डेटाबेस : कायद्याचा शोध घेण्याआधी काय ठरवावं

दापोली तालुक्यातलं एक नेहमीच्या धाटणीचं प्रकरण धरू. पक्षकाराची कलमी झाडांची बाग डोंगराच्या उतारावर आहे. तिकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या वरकस, म्हणजे हलक्या प्रतीच्या डोंगरउताराच्या, जमिनीतून जाते; आजोबांच्या काळापासूनची वहिवाट. गणपती आटोपल्यावर शेजाऱ्याने चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत, घातला आणि वाट बंद झाली. पक्षकार ऑफिसात येऊन गाऱ्हाणं घालून गेला. सिनिअर म्हणाले, "यावर एखादं जजमेंट बघ जरा."

नवा ज्युनिअर काय करतो? 'रस्ता अडवला' याचं इंग्रजी करून शोधपेटीत टाकतो. महामार्गाचं भूसंपादन, रेल्वेचं फाटक, मोर्चाने अडवलेली वाहतूक, सोसायटीतलं पार्किंग, सगळं येतं. गडगा तेवढा येत नाही. मग तो पहिल्या पानावरचे दोन निकाल प्रिंट काढून टेबलावर ठेवतो आणि सिनिअरचा चेहरा बघत उभा राहतो.

हा लेख अशा ज्युनिअरसाठी, विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि आपल्याच जमिनीच्या भानगडीत कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ पाहणाऱ्या कुणासाठीही आहे. शोधाचं निम्मं काम लॉगिन करण्याआधी व्हायला हवं. मशीन निकालात छापलेले शब्द शोधतं. पक्षकार ज्या शब्दांत बोलतो ते तिथे क्वचितच असतात, आणि कोकणातल्या जमिनीच्या बाबतीत हे अंतर जरा जास्तच आहे.

पायरी पहिली : प्रश्न कागदावर

कोण, काय, कुठे, कधीपासून, आणि पक्षकाराला नेमकं हवंय काय, एवढं चार ओळींत लिहा. 'गणपतीनंतर' असं लिहून भागत नाही, गडगा कुठल्या तारखेला घातला ते विचारून घ्या. ही तारीख पुढे सगळ्या शोधाची दिशा ठरवते, ती कशी ते खाली येईलच. वाट बागेकडे जाते की नुसती घराकडे? शेजारी खासगी मालक आहे की मधला तुकडा सरकारी आहे? वाट पायी जाण्याची की बैलगाडी, टेम्पो जाण्याची? गावनकाशावर ती दिसते का?

मग या हकिगतीतून कायद्याचा प्रश्न वेगळा काढा. आपल्या प्रकरणात निदान दोन आहेत. एक, तहसीलदार फक्त 'यापुढे अडवू नको' असा मनाई हुकूम देऊ शकतो की उभा असलेला गडगा काढायलाही लावू शकतो? दोन, मुदत कधीपासून मोजायची? प्रत्येक प्रश्नाला वेगळा शोध. दोन्ही एकाच शोधपेटीत कोंबले की एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

पायरी दुसरी : आधी कलम वाचा

निकाल शोधण्याची घाई सगळ्यांना असते, मूळ कलम वाचायचा कंटाळा. पण शोधाचे सगळ्यात चांगले शब्द कलमातच असतात, कारण न्यायाधीश निकालात तेच उतरवतात. केंद्राचे आणि राज्याचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. दुरुस्त्या तिथे चढल्या आहेत की नाहीत हे मात्र राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या प्रतीशी ताडून बघा.

आपल्या वाटेला तीन कायदे लागू शकतात. मामलतदार (म्हणजे आजचा तहसीलदार) न्यायालय अधिनियम, १९०६ मधलं कलम ५. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं कलम १४३. आणि दिवाणी कोर्टात जायचं तर भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२; सुखाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी अशा वापराचा हक्क. तिघांचे स्वभाव वेगळे. कलम १४३ दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याचा हक्क मागण्यासाठी आहे. कलम ५ आधीपासून असलेल्या वाटेला अडथळा झाला तर कामाला येतं, आणि त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. तारीख विचारायची ती यासाठी. सुखाधिकाराच्या कलम १५ खाली वीस वर्षांचा उघड, शांततेचा, हक्काच्या नात्याने केलेला अखंड वापर दाखवावा लागतो, आणि जमीन सरकारची असेल तर तीस वर्षांचा. मधला तुकडा सरकारी आहे का, हे पहिल्या पायरीत विचारलं ते उगाच नाही.

आता १९०६ च्या कलम ५ चं दुसरं पोटकलम इंग्रजीतून सावकाश वाचा. त्यात 'रोड्स ऑर कस्टमरी वेज देअरटू' असे शब्द आहेत. 'वेज' हे अनेकवचन आहे. अवतरण चिन्हांत 'कस्टमरी वे' असं एकवचन टाकून नेमका शब्दसमूह मागितला, तर काही डेटाबेस कलम जसंच्या तसं उतरवणारे निकाल वगळून टाकतात. त्यामुळे दोन्ही रूपं टाकायची. आणि 'देअरटू' म्हणजे शेती, चराई, झाडं, पीक यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीकडे जाणारी वाट. घराकडे जाणाऱ्या वाटेच्या प्रकरणात प्रतिपक्षाचा वकील याच शब्दावर बोट ठेवणार, हे आत्ताच ओळखून तेवढाही एक शोध यादीत घाला. आपली वाट कलमांच्या बागेकडे जाते, तेव्हा आपण जरा बऱ्या जागी आहोत.

पायरी तिसरी : प्रकरण कुठून कुठे जातं ते बघा

हा भाग नवखे हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो. तहसीलदाराचा हुकूम निकालांच्या डेटाबेसमध्ये सहसा सापडणार नाही. तिथे सापडतात ते बहुतेक वरच्या कोर्टांचे निकाल. मग आपल्यासारखं प्रकरण वरच्या कोर्टात कुठल्या वेशात पोचतं?

१९०६ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मामलतदाराच्या हुकुमावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्याकडे पुनरीक्षण (रिव्हिजन) आहे. तिथे हरलेला माणूस संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले निकाल 'रिट पिटिशन' या प्रकारात आणि बहुधा एकल न्यायाधीशांचे असणार. कलम १४३ मध्ये तहसीलदाराच्या निर्णयानंतर एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. तो दावा आणि सुखाधिकाराचा दावा हे दोन्ही दिवाणी कोर्ट, जिल्हा कोर्ट असे चढत 'सेकंड अपील' म्हणून उच्च न्यायालयात येतात. दोन वाटांचे निकाल दोन वेगळ्या खणांत, हे आधी कळलं की गाळण्या (फिल्टर) कशा लावायच्या ते आपोआप ठरतं.

कोर्टाची गाळणी लावताना कोकणापुरत्या काही गोष्टी ध्यानात असू द्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले. रायगड मुंबईतच राहिला. त्याआधीचे रत्नागिरीचे सगळे निकाल मुंबईच्या अपील शाखेत आहेत. म्हणून बेंच निवडू नका, पूर्ण मुंबई उच्च न्यायालय निवडा. मग गोवा खंडपीठाचे निकालही येतील. ते डोळे उघडे ठेवून वाचा, कारण गोव्यात मामलतदार कोर्टाचा वेगळा, १९६६ चा कायदा आहे. नाव जवळपास तेच, कलमं वेगळी. उलट गुजरातमध्ये आपलाच १९०६ चा कायदा जुन्या मुंबई राज्याचा वारसा म्हणून चालतो. तेव्हा मुंबईचं काही हाती लागलं नाही तर गुजरात उच्च न्यायालय धुंडाळा. तो निकाल इथे बंधनकारक नसतो, पण युक्तिवादाला आधार म्हणून दाखवता येतो.

पायरी चौथी : शब्दांचा तक्ता

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पक्षकाराचे शब्द, दुसऱ्यात महसुली कागदातले, तिसऱ्यात निकालाच्या इंग्रजीतले.

पहिल्यात गडगा, वाट, पाणंद, घाटी. दुसऱ्यात वहिवाट, रस्ता, बांध, गाडीवाट, अडथळा. तिसऱ्यात ऑब्स्ट्रक्शन, इम्पेडिमेंट, कार्ट रोड, कार्ट ट्रॅक, पाथवे, फूटपाथ, अ‍ॅक्सेस, राइट ऑफ वे, कंपाउंड वॉल, स्टोन वॉल, बंध. गडग्याला न्यायाधीश काय म्हणतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून चारपाच पर्याय ठेवायचे. कधी कधी 'गडगा' हाच शब्द इंग्रजी अक्षरांत निकालात असतो, आणि असा निकाल बहुधा आपल्याच भागातला निघतो. तोही एकदा टाकून बघा.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. याच कायद्याच्या नावात कुणी ॲपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी देतो, कुणी नंतर, कुणी देतच नाही. 'कोर्ट' एकवचनी, 'कोर्ट्स' अनेकवचनी. मामलतदाराचा 'मामलेदार' होतो. तहसीलदार कुठे 'ए'ने, कुठे 'ई'ने. कायद्याचं पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकणं म्हणजे निम्मे निकाल हातचे घालवणं. 'मामलतदार' हा एक शब्द आणि '१९०६' हा आकडा एवढं पुरतं. वरकस जमिनीचं स्पेलिंग 'व्ही'नेही येतं, 'डब्ल्यू'नेही.

गावं आणि जिल्ह्यांचं तर विचारूच नका. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचं कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याचं प्रकरण शोधताना 'सिंधुदुर्ग' टाकलंत तर काही मिळायचं नाही, रत्नागिरी टाका. रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा होता. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत रत्नागिरीचं इंग्रजी स्पेलिंग ओळखू येणार नाही इतकं बदललेलं असतं. खोतीचं, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जुन्या पद्धतीतल्या जमिनीचं, प्रकरण असेल तर १८८० चा खोती सेटलमेंट कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा ही दोन नावं तक्त्यात हवीतच, आणि कुळाचं असेल तर १९४८ चा कुळकायदा. त्याच्या नावातला 'मुंबई' जाऊन आता 'महाराष्ट्र' आला आहे, तेव्हा 'बॉम्बे टेनन्सी' आणि 'महाराष्ट्र टेनन्सी' दोन्ही टाकायचं. कलमाचा आकडा, ३२-जी, ७०-बी, ८५-ए, हा नावापेक्षा भरवशाचा. तोही कुणी जोडून लिहितं, कुणी कंसात.

पायरी पाचवी : आता लॉगिन

डेटाबेस बरेच आहेत. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा पैसे भरून. तुमच्या बार असोसिएशनच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का ते आधी विचारा. इंडियन कानून फुकट. सर्वोच्च न्यायालयाचा ई-एससीआर हा निकालसंग्रह जानेवारी २०२३ पासून फुकट, आणि त्यात अधिकृत अहवालातला मजकूर मिळतो. उच्च न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या निकाल-शोध पोर्टलवर आहेत. नवख्याने सुरुवात इंडियन कानूनवर करायला हरकत नाही, पण कोर्टात द्यायची प्रत अधिकृत ठिकाणाहून घ्यावी.

शब्द जोडायच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. बहुतेक ठिकाणी 'अँड', 'ऑर', 'नॉट' चालतात. इंडियन कानूनवर मात्र शेवटचं अक्षर दोनदा लिहावं लागतं : ए-एन-डी-डी, ओ-आर-आर, एन-ओ-टी-टी, तेही कॅपिटलमध्ये आणि दोन्ही बाजूंना जागा सोडून. साधं 'अँड' टाकलं तर ते खूण म्हणून धरलं जात नाही. कोर्टापुरता शोध हवा तर 'डॉकटाइप्स' लिहून विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि 'बॉम्बे'. तारखेसाठी 'फ्रॉमडेट' आणि 'टूडेट'. सशुल्क डेटाबेसमध्ये दोन शब्द एकमेकांच्या जवळ असावेत अशी अटही घालता येते. ती कशी घालायची ते त्या त्या डेटाबेसच्या मदत-पानावर असतं आणि ते पान कुणी वाचत नाही.

आपला पहिला शोध असा असेल : मामलतदार, आणि (ऑब्स्ट्रक्शन किंवा इम्पेडिमेंट), आणि (कस्टमरी वे किंवा कस्टमरी वेज किंवा कार्ट रोड), मुंबई उच्च न्यायालय. कंस विसरू नका, नाहीतर 'किंवा'च्या पुढचं सगळं सुटं पडतं. फार निकाल आले तर 'रिमूव्हल' आणि 'वॉल' जोडून आवळा. फार कमी आले तर एकेक अट काढा, आधी तारीख, मग कोर्ट, शेवटी शब्द. एका वेळी एकच बदल करा म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. 'नॉट' मात्र जपून. 'हायवे' नको म्हणून तो शब्द वगळलात, आणि हव्या त्या निकालात 'वाट पुढे मुंबई-गोवा हायवेला मिळते' असं वाक्य असलं, तर तो निकाल तुम्हाला कधी दिसणारच नाही.

पायरी सहावी : सापडलेल्या निकालाचा माग

चांगला निकाल एक सापडला की शोधपेटी बाजूला ठेवा. त्यात कुठले जुने निकाल उद्धृत केले आहेत ते बघा, आणि नंतरच्या कुणी याला उद्धृत केलंय ते 'साइटेड बाय'मध्ये बघा. मागे-पुढे असं दोनतीन पावलं गेलात की त्या विषयाचे महत्त्वाचे निकाल बहुतेक समोर येतात. परत परत तीच नावं दिसायला लागली की थांबायचं.

शीर्षटीप (निकालाच्या वर छापलेला सारांश, हेडनोट) वाचून निकाल वापरू नका, ती संपादकाने लिहिलेली असते. परिच्छेद क्रमांकासकट मूळ मजकूर वाचा, आणि तो कोर्टाचा निष्कर्ष आहे की एका बाजूच्या वकिलाच्या युक्तिवादाचा सारांश, हे तपासा. घाईत ही गल्लत फार होते.

नावावरही विसंबू नका. किनाऱ्याच्या प्रकरणांत हमखास लागणारा 'इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन विरुद्ध भारत सरकार' हा १९९६ चा निकाल घ्या. त्याच वर्षी, त्याच नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. एससीसी या निकालसंग्रहाच्या १९९६ च्या तिसऱ्या खंडात पान २१२ वरचा राजस्थानातल्या बिछडीच्या रासायनिक प्रदूषणाचा, आणि पाचव्या खंडात पान २८१ वरचा सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या निर्बंधित पट्ट्याचा. नुसतं नाव आणि साल सांगून गुहागरच्या बांधकामाच्या प्रकरणात पहिला दाखवलात, तर समोरचा वकील खूश होईल. यासाठीच आता तटस्थ उद्धरण क्रमांक आले आहेत : सर्वोच्च न्यायालयाचा साल आणि 'आयएनएससी', मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेचा साल आणि 'बीएचसी-एएस'. नव्या निकालांना तो क्रमांक जरूर लिहा.

पायरी सातवी : निकाल अजून जिवंत आहे का

वरच्या कोर्टाने फिरवलाय का, मोठ्या पीठाने वेगळं मत दिलंय का, आणि ज्या कायद्यावर तो उभा आहे तो कायदाच बदललाय का, हे तिन्ही बघायचं. तिसरं लोक विसरतात.

सीआरझेडची अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०१९ ची सुद्धा त्या त्या भागाचा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते, तोवर २०११ चीच चालते. तेव्हा 'भरतीरेषेपासून दोनशे मीटर' असं म्हणणारा निकाल कुठल्या अधिसूचनेखालचा, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये. शिवाय ही प्रकरणं आता बरीचशी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पश्चिम विभाग पीठाकडे जातात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. उच्च न्यायालयाची गाळणी लावून बसलात तर ती दिसणार नाहीत. मासेमारीच्या वादातही तसंच. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली पूर्वी निवाडा तहसीलदार करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेला, म्हणजे शोधाचा शब्दही बदलला.

फौजदारीत सापळा आणखी वाईट. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून मागायचं कलम. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करण्याचं कलम ५२८. नुसता '४८२' टाकून आलेले निकाल म्हणजे दोन वेगळ्या विषयांची खिचडी. आकड्यासोबत संहितेचं नाव आणि तारखेची गाळणी, दोन्ही हवंच.

ग्रंथालय आणि चॅटबॉट

वहिवाट, गावची रूढी, खोतीची जुनी पद्धत याबाबत निकालांइतकेच जुने ग्रंथ उपयोगी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा १८८३ चा. खोतीवरचे प्रबंध 'शोधगंगा'वर सापडू शकतात. तिथेही स्पेलिंगचे सगळे पर्याय घेऊन जा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे. अशा जुन्या ग्रंथालयात संगणकावर नाही सापडलं म्हणजे पुस्तक नाही असं समजू नका. ग्रंथपालांना विषय सांगा, शीर्षकाच्या आधी आडनावाने शोधा.

चॅटबॉटला शब्दांचा तक्ता वाढवायला विचारलंत तर हरकत नाही. निकाल विचारू नका. तो खरा वाटेल असा, पक्षकारांच्या नावासकट, खोटा निकाल रचून देतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असे बनावट निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना कोर्टाने पाच हजार डॉलरचा दंड केला. मूळ प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही उद्धरण अर्जात जाता कामा नये.

शोधवही

एक वही किंवा एक्सेलची फाइल ठेवा : तारीख, डेटाबेस, नेमका शोध जसाच्या तसा, किती निकाल आले, कुठले वाचले, कुठले का सोडले. सोडल्याचं कारण लिहायचा आळस करू नका. महिन्याने सिनिअर 'हा का नाही घेतलास?' विचारतात तेव्हा तेच उपयोगी पडतं. जे निकाल आपल्या विरुद्ध जातात तेही वहीत हवेत, सगळ्यात वर. आणि पावसाळ्यात वाचलेला प्रत्येक निकाल लगेच पीडीएफ करून ठेवा. सुनावणीच्या आदल्या रात्री वीज आणि रेंज दोन्ही जातात, हा कोकणातला अलिखित नियम आहे.

सिनिअरच्या टेबलावर द्यायचा कागद दोन पानांचा पुरे. वर दोन प्रश्न, प्रत्येकाखाली कलम, मग निकाल : नाव, उद्धरण क्रमांक, न्यायाधीश किती, परिच्छेद कितवा, आणि आपल्या हकिगतीशी कुठे जुळतो, कुठे जुळत नाही. शेवटी विरुद्ध निकाल आणि त्यावर काय म्हणता येईल ते. सहा महिन्यांची मुदत कुठल्या दिवशी संपते ती तारीख मात्र पहिल्या पानावर, लाल शाईने.